आजीच्या कमरेचा बाऊ

मंगळवार, ११ फेब्रुवारी

पिस्तूल घ्यायला गेले आणि हात हलवत परत आले. मला त्याचा वरचा भाग मागं ओढताच येईना. जन्मभर लोकांचे केस कापून हातात जो काही जोर आलाय तो कात्रीपुरता. डोना फेच्या बंदुकांच्या दुकानात मागं दोन पुरुष उभे होते, हरणाच्या शिकारीचे फोटो बघायचं नाटक करत, आणि मी तिथं लोणच्याची बरणी उघडत असल्यासारखी तोंडं करतेय.

डोना फे म्हणाली, "ग्लेंडा, ओढू नकोस गं. वरचा भाग मुठीत घट्ट धर आणि खालचा हात पुढं ढकल. आणि घरी जाऊन विचार कर, तुला हे पर्समध्ये ठेवायचंय की अंगावर. पर्समध्ये असेल तर माझ्याकडून घेऊ नकोस. पर्स आपण कुठंही टाकतो."

विचार काय करायचा? जानेवारीत तो माणूस आला, त्या दिवसापासून विचारच करतेय. गॅरेजमध्ये माझं एका खुर्चीचं पार्लर आहे, घराला लागूनच. तो आत आला, चाकू दाखवला, गल्ल्यातलं सगळं घेतलं. मी हातात कंगवा धरून खांबासारखी उभी. पैशांचं मला काही नाही. पण जाताना त्यानं घरात जायच्या दाराकडे बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं. आणि त्या दारामागं सोफ्यावर माझी नात टिली झोपली होती.

रेनीला मी सांगितलं की टिली त्याच्या आधीच तुझ्याकडे गेली होती. पोलिसांनाही टिलीबद्दल काही सांगितलं नाही. कळलं असतं तर माझ्या लेकीनं नात माझ्याकडे ठेवायचं बंद केलं असतं.


गुरुवार, १३ फेब्रुवारी

टिलीचा दिवस. सोमवार आणि गुरुवार रेनीची हॉस्पिटलमध्ये ड्यूटी असते, तेव्हा ती माझ्याकडे. ती चित्रं रंगवत होती आणि मी प्रत्येक गाडीच्या आवाजाला खिडकीशी जात होते. "आजी, कोण येणारे?" असं तिनं विचारलं. कुणी नाही म्हटलं.


मंगळवार, १८ फेब्रुवारी

घेतलं. सगळ्यात छोटं नाही, कारण सगळ्यात छोटं उडवलं की अंगठ्याच्या बेचक्यात असं चावतं की डोळ्यांत पाणी आलं. जरा मोठं, पण हलकं, आणि वरचा भाग माझ्यानं ओढला जातो. डोना फेनं मागच्या मैदानात मला पन्नासेक गोळ्या उडवायला लावल्या. म्हणाली, "कागदी माणूस तरी तुझ्यापासून सुरक्षित नाही आता."

घरी येताना मन खात राहिलं. रेनी टलसाला इमर्जन्सीमध्ये नर्स आहे. तीन वर्षांपूर्वी तिच्या हातात एक लेकरू आलं होतं, घरातलंच पिस्तूल हाताळताना गोळी लागलेलं. त्याबद्दल ती एवढंच एक वाक्य बोलली आणि पुन्हा कधी नाही. हॉयट, माझा नवरा, गेल्यावर दफन झालं त्याच आठवड्यात तिनं त्याच्या रायफली त्याच्या भावाकडे पोचवल्या आणि मला समोर बसवून सांगितलं, "आई, जिथं बंदूक तिथं टिली नाही. माझ्या घरी नाही, सासरी नाही, तुझ्याकडेही नाही. यावर वाद नको." मी म्हटलं होतं, वाद कसला, मला काय करायचीय बंदूक.


शनिवार, १ मार्च

माझी मैत्रीण वांडा आली होती केस रंगवायला. तिला हे सगळं माहीत आहे. माहीत असलेली ती एकटीच. बरोबर किराण्याची मोठी पिशवी भरून होल्स्टरं, पिस्तूल अंगावर अडकवायची पाकिटं, घेऊन आली. इथं ज्यांच्या ज्यांच्या घरी पिस्तूल आहे त्यांच्या घरी एक खण असतोच, फसलेल्या होल्स्टरांचा. वांडाचा खण तिच्या तीन नवऱ्यांपेक्षा जास्त टिकलाय.

डोक्याला रंग लावून ती बसली आणि मी एकेक घालून बघत होते. कमरेवर बाहेरून लटकवायचं घातलं, तर केस कापायला हात वर केले की शर्ट वर जातो आणि सगळं जगजाहीर. पोटावर पुढं घातलं, तर बेसिनवर वाकल्यावर बरगडीत असं रुततं की श्वास अडकतो. घोट्याला बांधलं तर संध्याकाळपर्यंत माझा पाय एवढा सुजतो की काढायला तेल लावावं लागेल. एक होतं ब्रेसियरला अडकवायचं. ते मी घातलं आणि वांडा इतकी हसली की रंग तिच्या कानात गेला.

"तू कुणाला मारणार नाहीस गं," ती म्हणाली, "पण काढता काढता स्वतःची अब्रू घालवशील."

शेवटी एक पातळ, कडक प्लॅस्टिकचं निघालं. घोडा पूर्ण झाकलेला, पँटच्या आतून उजव्या कमरेच्या जरा मागं बसतं, पट्ट्याला क्लिप. आतल्या बाजूनं फोमचा तुकडा चिकटवला तर मूठ अंगालगत झुकते आणि बाहेरून दिसत नाही. टोचतं, पण सोसवतं. माझं पोट थोडं कमी झालं तर बरोबर बसेल असं वांडाचं मत. तिच्याकडून ऐकून घ्यायचं म्हणजे! पण तिचं बरोबर आहे.


गुरुवार, ६ मार्च

टिली असताना पहिल्यांदाच अंगावर ठेवलं. डोना फेनं कुलपाची छोटी पेटी दिली होती आणि मी स्वतःला वचन दिलं होतं की टिली आली की पिस्तूल पेटीत. पण मग घेतलं कशासाठी? तो माणूस आला तेव्हा टिलीच तर आत होती.

दुपारी ती गोष्ट ऐकायला मांडीवर चढली. नेहमीसारखी उजवीकडे टेकायला गेली आणि तिचं डोकं आपटलं. "आजी, इथं काय आहे कडक कडक?"

मी तिचा हात धरला. म्हटलं, "तो आजीचा बाऊ आहे. तिथं हात लावायचा नाही. आजीला दुखतं."

तिनं माझ्या शर्टावर लांबूनच फुंकर मारली. मग डावीकडे येऊन बसली आणि पूर्ण गोष्टभर हलली नाही. चार वर्षांची पोर, पण किती समजूतदार. मला त्या गोष्टीतलं एक अक्षर आठवत नाही.


रविवार, ९ मार्च

रेनीकडे जेवायला गेले. पिस्तूल घरी ठेवून गेले, इतकी अजून लाज शिल्लक आहे.

तिला डॅलसला नोकरी देऊ करताहेत. सगळ्या इमर्जन्सी विभागाची प्रमुख. जावई तर आत्ताच शाळांची चौकशी करतोय. रेनी म्हणाली, "आई, किती वर्षं याचीच वाट बघत होते मी." मी म्हटलं, घे गं, नक्की घे. बटाटे वाढून घेतले आणि नुसते चिवडत बसले. डॅलस म्हणजे गाडीनं पाच तास. सोमवार-गुरुवार संपले.

निघताना टिलीनं विचारलं, "आजी, आज बाऊ नाही?" मी तिला गप्प करायला बिस्किट दिलं. रेनी भांडी घासत होती. बहुतेक ऐकलं नसावं.


सोमवार, १७ मार्च

वजन कमी होतंय. न्याहारीची मऊ बिस्किटं आणि त्यावरची ग्रेव्ही बंद, रात्री नुसतं सूप. पँटची कंबर सैल झाली आणि होल्स्टर आता खरंच चांगलं बसतं. फक्त खुर्चीतून उठताना हात टेकावा लागतो, नाहीतर क्लिप खुपते. आणि शर्ट सगळे हॉयटचे घालते, ढगळ.

संध्याकाळी रेनी टिलीला न्यायला आली आणि दारात उभी राहून माझ्याकडे बघतच राहिली.

"आई, वजन किती कमी झालंय तुझं?"

"थोडं डाएट करतेय."

"तू? डाएट?" मग एकदम हळू आवाजात, "भूक लागते ना तुला नीट?"

मला मिठी मारायला पुढं आली, मी पटकन डावी बाजू दिली. तिचा चेहरा कसनुसा झाला. तिला संशय आलाय, नक्की आलाय. रात्रभर... नाही, रात्रीचं कशाला लिहू. झोप नाही आली, एवढंच.


गुरुवार, २७ मार्च

संशय आला असता तर ती अशी वागली असती का? आठवडाभर रोज फोन. एरवी ड्यूटीतून मला एक मेसेज करायला तिला वेळ नसतो. काल हाडं उकळून केलेलं सूप घेऊन आली. माझ्याशेजारी सोफ्यावर बसली आणि माझे हात हातात घेतले. बाबा आजारी असताना बसायची तशी. म्हणाली, "आई, मला काहीही सांगू शकतेस तू. कितीही वाईट असलं तरी. बाबांनी सहा महिने पोटातलं दुखणं लपवलं आणि आपल्या हातात काही उरलं नाही. तू तसं करू नकोस."

माझ्या जिभेवर आलं होतं, अगदी टोकावर आलं होतं. पण टिली खाली बसून चित्र काढत होती. मला वाटलं, सांगितलं की ही पोर उद्यापासून येणार नाही. मी म्हटलं, "काही नाही गं राणी, मी ठणठणीत आहे."

ती गाडीत जाऊन बसली आणि बराच वेळ गाडी सुरूच करेना. पडद्याआडून बघितलं तर स्टिअरिंगवर डोकं टेकलेलं. जावयाशी काही बिनसलं असेल का? डॅलसवरून?

आणखी एक गंमत. चर्चमधल्या बायका दारात जेवणं आणून ठेवताहेत. आतापर्यंत तीन काचेचे ट्रे, वर फॉइल, तळाला चिकटपट्टीवर नाव लिहिलेलं. नूडल्स-चिकन, बटाटे-चीज, आणि एक काय आहे ते देवाला माहीत. हॉयटच्या शेवटच्या दिवसांत असे ट्रे यायचे, फ्रीजमध्ये जागा उरायची नाही. चोरीला दोन महिने होऊन गेले आणि आता यांना दया आली! बातमी पोचायला उशीर झाला असणार. मी डाएटवर, आणि दारात चीजचे डोंगर. वांडाला देऊन टाकले. तिचं चर्च वेगळं, तिला कुणी काही पाठवत नाही.


बुधवार, २ एप्रिल

डॅलसला जात नाहीत! रेनीनं फोनवर सांगितलं, आवाज अगदी सपाट. "नाही म्हणून कळवलं आई. आत्ता इथंच राहायचंय मला." मी का विचारलं तर म्हणाली, "वेळ बरोबर नाही."

फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडले, आनंदानं. देवाजवळ हेच तर मागितलं होतं. मग लाजही वाटली. लेकीची इतक्या वर्षांची इच्छा मोडली आणि आई आभार मानतेय. पण मी तर काही केलं नाही ना. मी तर तिला घेच म्हटलं होतं.


रविवार, ६ एप्रिल

 आजचं आजच लिहिते.

पिस्तुलाची आता इतकी सवय झालीय की चष्म्यासारखं, घातलंय हे आठवतही नाही. डोना फे म्हणाली होती, बरोबर बसलेलं होल्स्टर तेच, जे आपण विसरतो. सकाळी तसंच घालून चर्चला गेले. तिथं निम्म्या पुरुषांच्या कमरेला असतं, कुणाला काही वाटत नाही.

तर रेनी आधीच येऊन बसलेली. माझ्या बाकावर. रविवारी तिला झोप हवी असते, वर्षातून दोनदा येते ती. मी डावी बाजू तिच्याकडे करून बसले. तिनं माझा हात धरला तो सोडलाच नाही.

भजनं झाल्यावर पास्टरनी प्रार्थनेच्या विनंत्या वाचायला घेतल्या. कुणाचा गुडघा, कुणाचा मुलगा सैन्यात. मग चष्मा काढून म्हणाले, "आणि आपली ग्लेंडा. हॉयटनं सोसलं तसंच, कुणाला न सांगता सोसतेय. तिच्या नातीला आधी कळलं, आजीच्या कुशीतल्या त्या गाठीबद्दल. लेकरापासून कोण लपवू शकतं?"

सगळं मला त्या एका क्षणात कळलं. बाऊ. सूप. फॉइलचे ट्रे. "वजन किती कमी झालंय." आणि डॅलस. डॅलस माझ्यामुळं.

तिथंच उठून म्हणायचं होतं की थांबा, काहीतरी घोटाळा झालाय. मी जागची उठले नाही. पास्टरनी खूण केली आणि सगळे उठून आले, आपल्याकडे हात ठेवून प्रार्थना करतात तसे. माझ्या डोक्यावर, खांद्यांवर, पाठीवर हात. बायका मुसमुसत होत्या. मी मान खाली घालून बसले, आणि माणसांच्या दाटीत रेनी माझ्या उजवीकडे आली.

तिनं हात कमरेवर ठेवला. अगदी हलका, दुखेल म्हणून. मग जरा दाबून बघितलं, नर्सचाच हात तो. बोटं कडेनं फिरली, क्लिपवर आली आणि तिथं थांबली.

पास्टर म्हणत होते, "प्रभो, ही गाठ विरघळून जाऊ दे."

रेनीनं हात काढून घेतला. सगळे आमेन म्हणाले. मीही म्हणाले. देव मला क्षमा करो, मीही आमेन म्हणाले.

बाहेर गाड्यांच्या मध्ये ती मला भेटली. आधी हसत होती. रडत होती आणि हसत होती. "तू मरत नाहीयेस," म्हणाली. "देवा रे, आई, तू मरत नाहीयेस. मी तुझ्यासाठी स्कॅनची वेळ घेऊन ठेवली होती. शवपेटी कुठली, इथवर मनात येऊन गेलं माझ्या." माझ्या गळ्यात पडली, यावेळी उजव्या बाजूनंच, आणि तिच्या हाडाला ते कडक लागलं. मग ती मागं झाली.

"टिली मांडीवर असताना होतं?"

नाही म्हणता आलं असतं. मी म्हटलं, "हो."

"दर वेळी?"

"दर वेळी. घोडा झाकलेला असतो, रेनी, तो कडक—"

"मला होल्स्टर समजावू नकोस!" ती ओरडली. लोक वळून बघायला लागले. मग दात आवळून म्हणाली, "मी डॅलस सोडलं. मी ज्याच्यासाठी ती नोकरी नाकारली ते तुझ्या कमरेला क्लिपनं अडकवलंय. का, आई? एवढं का?"

एवढ्यावर थांबता आलं असतं. चोरीची भीती बसली म्हटलं असतं तर तिला पटलंही असतं. पण ती माझ्यासमोर अशी उभी होती, नाक लाल झालेलं, लहानपणी पडून आली की उभी राहायची तशी. मला आणखी एक खोटं पेलवलं नसतं.

"तो माणूस आला तेव्हा टिली घरात होती," मी म्हटलं. "सोफ्यावर झोपली होती. मी तुला खोटं सांगितलं. त्यानं त्या दाराकडे बघितलं गं रेनी, आणि मी हातात कंगवा घेऊन नुसती उभी राहिले."

ती गाडीकडे वळली. गाडीची किल्ली दोनदा खाली पडली तिच्या हातून. दुसऱ्यांदा मी उचलून दिली. ती घेऊन गेली.


गुरुवार, १० एप्रिल

सोमवारी टिली आली नाही. आजही नाही.

दारात आणखी दोन ट्रे होते, त्यांच्यापर्यंत खरी बातमी पोचलेली दिसत नाही. मी दोन्ही परत करून आले, दारात उभं राहून सांगितलं की मला काही झालेलं नाही, ते पिस्तूल होतं. एक जण हसली. दुसरीनं ट्रे घेतला आणि दार लावलं.

डॅलसला रेनीनं पुन्हा फोन केला होता, असं जावयाकडून कळलं. त्यांनी दुसऱ्याला घेतलंय.

दुपारी एकच गिऱ्हाईक होतं. केस कापायला हात वर केले, बेसिनवर वाकले, खुर्चीत बसले, उठले. कुठंही रुतलं नाही. इतकं छान बसलंय आता ते. कुणी मांडीवर चढणार नव्हतं, कुणी मिठी मारणार नव्हतं, दिवसभर एकदाही डावी बाजू शोधावी लागली नाही. गिऱ्हाईक गेल्यावर आरशात बघितलं, हॉयटच्या शर्टात वाळलेली एक बाई. ती खरंच आजारी दिसत होती.

चारच्या सुमाराला फोन वाजला. रेनीचा नंबर, पण आवाज टिलीचा.

"आजी, तुझा बाऊ बरा झाला?"

मागं पाण्याचा नळ चालू होता. मग तो बंद झाला. रेनी तिथंच होती, ऐकत होती.

हो म्हणायचं माझ्या अगदी ओठांवर आलं. हो म्हटलं असतं तर टिली खूश झाली असती, आणि रेनीलाही कदाचित त्याचा अर्थ हवा तसा लावता आला असता. मी कमरेला हात लावून बघितलं.

"नाही गं राणी," मी म्हटलं. "अजून आहे. आणि तो बाऊ नव्हता. आजी तुझ्याशी खोटं बोलली."

टिली म्हणाली, "मग तो काढून टाक ना."

"आजीला भीती वाटते."

"कशाची?"

 जानेवारीपासून भीती वाटते हे मी कुणासमोर मोठ्यानं म्हटलंच नव्हतं. मी रडायला लागले आणि टिली पलीकडून फुंकर मारत राहिली, फोनमध्ये, फू फू असा आवाज.

 रेनीनं फोन काढून घेतला नाही. टिली दमेपर्यंत ती फुंकर चालू होती.